कृष्णाकाठचे भाष्य कोण लिहिणार?

मराठी ख्रिस्ती परंपरेवर गेल्या काही वर्षांत फार मोलाचे काम झाले आहे. दीप्रा दांडेकर यांनी 'सुभेदाराचा पुत्र' या 1895 सालच्या मराठी कादंबरीचा अनुवाद आणि अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला, आणि 2021 मध्ये बाबा पदमनजींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अ‍ॅनी रेचेल रॉयसन यांचा 'ख्रिस्तपुराणा'वरचा अभ्यासही 2021चाच. त्याआधी 2015 मध्ये ब्रायन विंटल यांच्या संपादनाखाली दक्षिण आशियातल्या अभ्यासकांनी संपूर्ण बायबलवर एकखंडी भाष्य सिद्ध केले. भारतीय उपखंडातल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी लिहिलेले हे भाष्य आहे. चारही ग्रंथ मेहनतीने लिहिलेले आहेत आणि चारही इंग्रजीत आहेत. बेळगावात जन्मलेल्या, 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या, नव्या करारावर मराठीत टीका लिहिणाऱ्या पदमनजींविषयी आज नवे काही समजून घ्यायचे, तर कराडच्या किंवा मिरजेच्या वाचकाला इंग्रजीतून जावे लागते. पदमनजींनी आयुष्यभर ज्या वाचकासाठी लिहिले, तोच वाचक त्यांच्यावरच्या चर्चेत उरलेला नाही.

लेखकांना दोष द्यावा असे यात काही नाही. विद्यापीठे, प्रकाशक, नोकऱ्या सगळे इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत लिहिले म्हणूनच हे काम जगाने वाचले. माझी तक्रार आपल्याशी, मराठी वाचकांशी आहे, आणि त्यांतही सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांशी. बायबलचा अभ्यास ही बाहेरून आणायची वस्तू आहे, आपण फक्त तिचे भाषांतर करायचे, असे आपण धरून चाललो आहोत. वचने पाठ असलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'उपासना संगीता'तली गीते पुस्तक न उघडता म्हणणाऱ्या आज्या तर घरोघरी आहेत. तरी एखाद्या पाळकसाहेबांना रविवारच्या संदेशासाठी आमोस किंवा यशया समजून घ्यायचा असेल, तर हाताशी असते ते एखादे इंग्रजी भाष्य, त्याचा घाईत केलेला सारांश, नाहीतर भक्तिपर पुस्तिका. पुस्तिकेने मनाला धीर येतो, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण ग्रंथ कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणाला उद्देशून लिहिला, जमीन कोणाची होती आणि सारा कोण घेत होता, हे प्रश्न पुस्तिकेत येत नाहीत. ते प्रश्न मराठीत, आपल्या मातीत उभे राहून विचारले गेले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे मराठीत लिहिली गेली पाहिजेत.

अशी परंपरा आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये. इंग्लंडातून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने गोव्यात ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. तेव्हा मराठीत छापील पुस्तक ही गोष्टच नवी होती. ते नुसते भाषांतर नव्हते. जुना आणि नवा करार पुराणाच्या घाटात नव्याने सांगणे म्हणजेच त्यावर भाष्य करणे होते. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि खिळे जुळवण्यापासूनचे छपाईचे काम मुक्तीतल्या मुलीबायकांनी केले. आजच्या काळात रॉबर्ट अल्टर या अमेरिकी अभ्यासकाने एकट्याने संपूर्ण हिब्रू बायबलचा टिपांसह अनुवाद 2018 मध्ये पुरा केला, तेव्हा जगभर त्याचे योग्य कौतुक झाले. तसाच एकहाती उद्योग एका मराठी विधवेने शंभर वर्षांपूर्वी दौंडजवळच्या खेड्यात, हजारो मुलींचे दुष्काळी ओझे सांभाळत केला. त्याच्या तोडीचे कौतुक मला मराठीत शोधावे लागते.

आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसांनीही हा ग्रंथ वाचून त्यावर विचार मांडला. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. 'गुलामगिरी'त (1873) त्यांनी येशूला दुसरा बळीराजा म्हटले. शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीतला पाताळात घातलेला राजा आणि क्रूसावर दिलेला गालीलकर यांना एका ओळीत बसवणे हा किती धाडसी अन्वयार्थ आहे! ख्रिस्तशास्त्राच्या कुठल्याही गंभीर वर्गात त्यावर महिनाभर चर्चा व्हावी. आपण फुल्यांवर बोलतो तेव्हा तो उल्लेख सामाजिक चळवळीच्या खात्यात टाकतो आणि बायबलच्या अभ्यासात तो कुठेच जमा होत नाही.

साताऱ्याचे नाव या परंपरेत आणखी एका ठिकाणी येते. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला बिऱ्हाड केले. 'देवाचा दरबार' ही त्यांची कल्पना तिथली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात येतील असा तो दरबार होता. मंडळी म्हणजे कोण, उंबरठा कुठे, आत कोण आणि बाहेर कोण, हे ईश्वरविज्ञानाचे अगदी मुळातले प्रश्न टिळकांनी मिशनच्या समित्यांना न विचारता स्वतः हाती घेतले. दीडच वर्षात, 9 मे 1919 रोजी, ते वारले. 'ख्रिस्तायना'चे पहिले दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. उरलेले साठाहून अधिक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला शाळा अशी मिळाली नाही तिने येशूचे चरित्र ओवीबद्ध केले. 'स्मृतिचित्रे' आपण डोक्यावर घेतली आणि लक्ष्मीबाईंचे हे दुसरे काम विसरलो.

टिळक साताऱ्याला राहायला गेले त्याच सुमारास, पस्तीसेक किलोमीटरवरच्या वाईत, विनोबा भावे प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे ब्रह्मसूत्रे शिकत होते. पुढे याच विनोबांनी 'ख्रिस्तधर्म-सार' संपादित केले. एका जिल्ह्यात एक ब्राह्मण ख्रिस्ताचा दरबार मांडतो आहे आणि दुसरा पुढेमागे नव्या करारातली वचने निवडण्यासाठी तयार होतो आहे. धर्मग्रंथ हा अभ्यासाचा, वादाचा आणि आदराचा विषय आहे, ही समज त्या काळच्या साताऱ्यात होती. आज वर्तमानपत्रात ख्रिस्ती धर्म येतो तो बहुधा नाताळच्या पुरवणीत किंवा धर्मांतराच्या बातमीत. मधला सगळा प्रदेश ओस पडला आहे.

तो ओस का पडला? माझ्या मते याचे एक मोठे कारण संस्थांच्या भूगोलात आहे. या पट्ट्यात मिशनने दोन विद्या आणल्या, वैद्यक आणि बायबल. विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. तिथे स्थानिक मुले शिकली, कंपाउंडर झाली, परिचारिका झाल्या, डॉक्टर झाले. त्यांतल्या काहींनी आपापले दवाखाने काढले आणि मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. आज कर्नाटकातून येणारा रुग्ण 'मिशन'चे नाव घेतो आणि शेजारच्या गल्लीतल्या मराठी सर्जनकडेही जातो. ती विद्या परकी राहिली नाही. बायबलच्या विद्येचे तसे झाले नाही. तिचे वर्ग पुण्याला आणि यवतमाळला भरले. यवतमाळचे युनियन बिब्लिकल सेमिनरीही 1983 मध्ये पुण्याला आले. वरच्या पदव्यांची भाषा इंग्रजी राहिली. कवठेमहांकाळचा किंवा विट्याचा हुशार मुलगा तिथे शिकून येतो तेव्हा तो इंग्रजीत विचार करायला शिकलेला असतो आणि मंडळीत मात्र त्याला मराठीत बोलायचे असते. मधला पूल त्याचा त्यालाच बांधावा लागतो, दर आठवड्याला, एकट्याने.

या दुराव्याची सर्वांत मोठी किंमत दलित ख्रिस्ती समाजाने मोजली आहे. अरविंद निर्मळ हे मराठी मुलखातले विद्वान. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून त्यांनी जी मांडणी सुरू केली, तिचे पुढे दलित ईश्वरविज्ञान झाले. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो आणि आपला पूर्वज भटका होता, आपण गुलाम होतो, असे देवापुढे बोलून दाखवतो. निर्मळांनी दलित ख्रिस्ती माणसाला तिथे उभे केले. आपली कहाणी लपवून भक्ती होत नाही, ती आधी सांगावी लागते, असे त्यांचे म्हणणे. सातारा-सांगलीच्या मंडळ्यांमध्ये महार आणि मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ही मांडणी त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्याची आहे. पण ती इंग्रजीत जन्मली, इंग्रजी परिषदांत वाढली, नवी दिल्लीहून निघालेल्या 'दलित बायबल भाष्या'पर्यंत पोहोचली, तीही इंग्रजीतच. दलित साहित्याने मराठीला जी भाषा दिली, त्या भाषेतून हे ईश्वरविज्ञान लिहिले गेले असते तर ते किती वेगळे आणि किती धारदार झाले असते, याचा विचार मनातून जात नाही.

भाष्य मातीत उभे राहून लिहायचे म्हणजे काय, हे उदाहरणानेच दाखवतो. यशयाचा पाचवा अध्याय घ्या. संदेष्टा द्राक्षमळ्याचे गीत गातो. एकाने सुपीक टेकडीवर मळा केला, दगड वेचून काढले, उत्तम वेल लावले, राखणीला माचा उभारला, खडकात रसाचे कुंड खणले आणि चांगल्या द्राक्षांची वाट पाहिली. आली ती नासकी फळे. मग तो ऐकणाऱ्यांनाच विचारतो की, आता तुम्हीच निवाडा करा. परदेशी भाष्यात इथे वेलींची माहिती तळटीपेत द्यावी लागते. तासगाव तालुक्यात ती तळटीप लागत नाही. मुरमाड माळावरचे दगड वेचणे, डॉगरिजच्या खुंटावर कलम करणे, एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी आणि भुरीची धास्ती, फुलोऱ्यात पाऊस आला तर रात्रभर फवारणी, हे सगळे ज्याने केले आहे त्याला मळेवाल्याचा संताप समजावून सांगायची गरज नाही. उलट तोच भाष्यकाराला प्रश्न विचारील. खुंट खराब होता का? पाणी कमी पडले का? एवढा खर्च करून माल नासला तर कुंपण काढून टाकणारा माणूस रागावलेला आहे की कर्जाने खचलेला?

इथे इतिहासाचा अभ्यास कामाला येतो. यशया इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. त्याच सुमाराचे शोमरोन येथे 1910 मध्ये सापडलेले खापरांवरचे लेख आहेत. कोणत्या गावाहून कोणाच्या नावे जुन्या द्राक्षारसाचे आणि उत्तम तेलाचे बुधले आले, त्याच्या त्या नोंदी. इज्रेल येथे अलीकडे झालेल्या उत्खननात खडकात कोरलेला द्राक्षारस काढण्याचा मोठा साचा मिळाला. बायबलमधल्या नाबोथाचा मळा होता तेच हे इज्रेल. मार्विन चेनी यांच्यासारखे अभ्यासक या सगळ्यावरून असे मांडतात की, त्या शतकात दरबाराला आणि व्यापाराला लागणारे तेल आणि द्राक्षारस यांच्यासाठी पोटाच्या धान्याची जमीन फळबागांकडे गेली, लहान शेतकरी कर्जात बुडाला आणि त्याचे रान मोठ्यांच्या हाती पडले. गीत संपताच यशया शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार करतो, तो उगाच नाही. मळ्याचे गीत आणि तो धिक्कार शेजारी शेजारी आहेत, कारण दोन्हींचा विषय एकच आहे.

आता हे तासगावात वाचा. म्हैसाळचे पाणी आले, जिराईत रानात बागा उभ्या राहिल्या, बेदाण्याचे सौदे सुरू झाले, पैसा आला. त्याबरोबर एकरी लाखांचा खर्च आला, सोसायटीचे आणि औषध दुकानाचे कर्ज आले, आणि माल तोडून नेऊन पैसे बुडवणारा व्यापारीही आला. तासगावच्या बागायतदाराला यशया शत्रू म्हणणार नाही. दोन-तीन एकरांचा तो माणूस नासलेल्या मळ्याशेजारी हतबल उभा आहे. पण बागेत डिपिंगला आणि छाटणीला येणाऱ्या मजूर बाईच्या बाजूने यशया काय म्हणाला असता? हा प्रश्न इंग्रजी भाष्यात कोणी विचारणार नाही, कारण तो तिथे कोणाला सुचणारच नाही. तो इथेच सुचतो. तसेच नाबोथाचे. वाडवडिलांची जमीन राजालासुद्धा देणार नाही म्हणणारा माणूस कोयनेच्या धरणग्रस्ताला ओळखीचा वाटेल, आणि त्या ओळखीतून जे भाष्य निघेल ते जगाला नवे असेल. आफ्रिकेतल्या सत्तर अभ्यासकांनी 2006 मध्ये आपले एकखंडी भाष्य काढले, ते पुढे फ्रेंच आणि स्वाहिलीत आले. आपल्या उपखंडाच्या भाष्यालाही भारतीय भाषांत असेच उतरायला हवे. तरी मी म्हणतो ते त्याच्याही पुढचे आहे, मुळातच मराठीत लिहायचे.

याला दोन हरकती घेतल्या जातात. पहिली, असा चिकित्सक अभ्यास श्रद्धा ढिली करतो. ही भीती प्रामाणिक आहे आणि ती घालवायला मी घाई करणार नाही. पण तिच्या उत्तरासाठी बायबलच उघडावे. उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीची वर्णने दोन आहेत. शुभवर्तमाने चार आहेत आणि त्या चौघांच्या तपशिलांत फरक आहेत. मंडळीने ते फरक पुसून एकच पुस्तक केले नाही, चारही सांभाळली. ज्यांनी हा ग्रंथ आपल्यापर्यंत आणला त्यांना प्रश्नांची भीती नव्हती. आणि आजचा कॉलेजातला मुलगा हे फरक मोबाइलवरच्या कुठल्यातरी चिडखोर व्हिडिओत पाहतो आहेच. ते त्याला आपल्या पाळकाकडून, आपल्या भाषेत, शांतपणे कळावे हे चांगले की वाईट?

दुसरी हरकत वाचकसंख्येची. मराठी ख्रिस्ती समाज लहान, त्यात भाष्य वाचणारे किती? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या हरकतीला कृतीने उत्तर दिले. त्यांचे 'सुबोध बायबल' राजहंससारख्या प्रकाशनाने काढले, ते वसईच्या बाहेर, ख्रिस्ती समाजाच्याही बाहेर वाचले गेले, त्याच्या नव्या कराराला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. प्रस्तावना आणि टिपा देऊन बायबल सर्व मराठी वाचकांपुढे ठेवता येते आणि ते घेतले जाते, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे. नेल्सन फल्काव यांनीही 2009 मध्ये 'ख्रिस्तपुराण' आजच्या मराठी अनुवादासह दिले. वाचक आहे, त्याच्यापुढे ठेवायचे पान कमी पडते आहे.

साधनांची सबब तर आता राहिलीच नाही. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांची छायाचित्रे आणि चौथ्या शतकातले सिनाय हस्तलिखित घरबसल्या फुकट पाहता येते. हिब्रू-ग्रीक शब्दकोश असलेली मोफत साधने केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने दिली आहेत. मराठी बायबलची 'इंडियन रिवाइज्ड व्हर्जन' आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर आहे. तिच्यासोबत टिपा छापायला परवानगी मागत फिरावे लागत नाही. रमाबाईंना यातले काहीही नव्हते.

उणीव आहे ती बसायच्या जागेची, आणि ती जागा कशी असते हे वाईने दाखवलेले आहे. या लहान गावात प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे खंड काढले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश इथूनच चालवला. विश्वकोशात ख्रिस्ती धर्मावर आणि बायबलवर चांगल्या नोंदी आहेत. त्यांतल्या काहींच्या खाली दोन नावे दिसतात, एकापुढे कंसात 'इं.' आणि दुसऱ्यापुढे 'म.', म्हणजे नोंद इंग्रजीत लिहिली गेली आणि मराठीत आणली गेली. त्या काळी ते ठीक होते आणि त्या दोघांचेही आपल्यावर उपकार आहेत. पुढच्या पिढीने 'इं.' गाळण्याइतके तरी करायला हवे होते.

मी मोठा प्रकल्प सुचवत नाही. साठ-सत्तर खंडांची घोषणा झाली की पहिलाच निघत नाही, हा आपला अनुभव आहे. रूथच्या पुस्तकाने सुरुवात करावी. चार अध्याय, 85 वचने. दुष्काळाने गाव सोडून परमुलखात गेलेले कुटुंब, परत आलेली सासू, तिच्या मागून आलेली परजातीची सून, कापणीनंतर सरवा वेचण्याचा गरिबाचा हक्क, खळ्यावरची रात्र, वेशीत बसलेले पंच आणि जमीन सोडवून घेण्याचा भाऊबंदांचा व्यवहार. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत यातली एकही गोष्ट परकी नाही. हिब्रू जाणणारा एक, इतिहास-पुरातत्त्व वाचलेला एक, गावगाड्याचा आणि जमिनीच्या कायद्याचा जाणकार एक, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, आणि उसाच्या तोडीला सहा महिने बाहेर काढलेली, सासर-माहेर दोन्ही पाहिलेली एक बाई, असे चौघे लागतील. महिन्यातून दोनदा वाईत, साताऱ्यात किंवा सांगलीत बसायचे, एका बैठकीत तीन-चार वचने. मजकूर तिथल्या तिथे मराठीत उतरवायचा आणि छापण्याआधी दोन-तीन मंडळ्यांत मोठ्याने वाचून दाखवायचा. बाईच्या येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायचा, नाहीतर तिसऱ्या बैठकीला ती येणार नाही आणि उरलेले तिघे आपापल्या पुस्तकांतून पुन्हा इंग्रजी भाष्याचाच अनुवाद करीत बसतील.